गजाननचा फोन माह्या बॅगेत होता

माहा जलम हिंगणीकडल्या एका लहानशा गावातला. बापाचं किराण्याचं दुकान होतं, मी सेलूले बी-बियान्याचं टाकलं, अन् लोकाइची कामं करता करता पार्टीचा तालुका अध्यक्ष झालो. बोलाची मले सवय नाई, मीटिंगमधीबी मी कमीच बोलो, पन मेंबर कसे फोडाचे ते मले बराबर समजे.

गावचा सरपंच सुधाकर, दुसऱ्या पार्टीचा, पन शाळेत माह्यासंग एका बाकावर बसलेला. त्याले पान्याची टाकी टेकडीवर पाह्यजे होती, आमाले बसस्टँडजवळ. नकाशा घेऊन दुकानात आलता, म्हने, भाऊ, पाच मिनिटं पाय, नाई पटलं तं मले समजावून सांग, मी ऐकतो. मी बियान्याच्या थैल्या लावून राह्यलो होतो, वर पाह्यलंबी नाई, म्हनलं, आता मतातच पाहू. काय सांगू तुमाले, टाकी टेकडीवरच पाह्यजे होती हे मले मनातून माहीत होतं.

मंग आमी अविश्वास ठराव टाकला. नऊ मेंबर, ठरावाले सहा लागत, अन् सहावा होता गजानन. आमच्याकडे अशा वक्ती मेंबर सहलीवर नेतात, कोनी भेटू नये, कोनी समजावू नये म्हनून, अन् फोन काढून घेतात. मीबी चिखलदऱ्याच्या लॉजवर नेले. गजानन म्हने, अध्यक्षसाहेब, बाबाची तब्येत बरी नाई, माहा फोन राहू द्या. मी म्हनलं, आला तं सांगतो ना लेका.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी माह्या बॅगेत गजाननचा फोन वाजला. सुधाकर होता. म्हने, गजाननच्या बाबाचं काई खरं नाई, पोराचं नाव घेऊन राह्यले, त्याले पाठव, मी आत्ताच राजीनामा लिहून देतो, मंग तं झालं? मी फोन कापला, बंदच करून टाकला. गजानन खाली चहा प्याले गेलता. बाकीच्याइले मी हासून सांगतलं, सरपंच मेंबर फोडाले आता बुढ्याचं दुखनं सांगून राह्यला. मले खरंच तो डाव वाटला, कारन त्याच्या जागी मी असतो तं तोच डाव टाकला असता.

ठराव पास झाला. पंचायतीसमोर गजाननच्या कपाळाले गुलाल मीच लावला, अन् गर्दीतून त्याचा चुलता आला, म्हने, गजा, बाप सकायी गेला, घरी चाल. तो तसाच गुलालानं गेला. तिरडी सुधाकरनं बांधून ठेवली होती.

गजाननले मी सांगतलं, फोनची बॅटरी उतरली होती. त्यानं मानलं. काऊन खोटं बोललो, आजबी मले सांगता येत नाई.

टाकी बसस्टँडजवळच झाली, वरच्या आळीत पानी चढत नाई. पार्टीवाले अजून मले बोलावतात, नव्या कार्यकर्त्याइले सांगा म्हनतात, समोरच्याले कसं पाडाचं. मी म्हनतो, पयले त्याच्या घरी जाऊन बसा, त्याचं ऐका. ते एकमेकाकडं पाहून हासतात, अध्यक्ष थकले म्हनतात.

तुमी बसून ऐकलं, भलं होवो तुमचं. पन छापाच्या आधी मले दोन दिवस द्या. गजानन आता पिपरी मेघेले राह्यते. हे त्यानं कागदावर वाचू नये, मीच जाऊन सांगतो.