वेग कायम धरायचा

…आणि तुम्हाला सांगते, पुस्तक छापणाऱ्यांना कुणी एवढंही विचारत नाही की बाबांनो, हा माणूस घरातून निघाला तो का निघाला? मी अंगठाबहाद्दर, मला सुचतं ते त्यांना सुचू नये? दुपारचे तीन वाजलेले, मी खिडकीशी मटार सोलतेय, नात टेबलाशी गणित घेऊन बसलेली. दुसऱ्या दिवशी फेरपरीक्षा. दोनदा आपटलेली पोर, बापानं बजावलेलं, "या खेपेला गेलीस तर शाळा बंद, माझ्या दुकानात कापडाचे तागे उचलायचे."

तर ती मोठ्यानं वाचते. एक माणूस ताशी चार किलोमीटरनं घरातून चालत निघाला. अर्ध्या तासानं त्याचा भाऊ ताशी सहानं त्याच्यामागे निघाला. किती वेळात गाठेल? मी म्हटलं, "भांडण झालं होतं का गं त्यांचं?"

"आजी, ते नसतं विचारायचं."

"बरं, पहिल्याचे पाय दुखले, कुठं टेकला…"

"टेकत नाही. वेग कायम धरायचा."

कायम म्हणजे? जन्मभर?

तिनं भावाच्या वेळेला क्ष म्हटलं, पहिल्याच्या वेळेला क्ष वजा अर्धा, खसाखसा मांडलं, आणि उत्तर आलं उणे एक तास. म्हणजे निघायच्या तासभर आधीच गाठलं! ती रडकुंडीला आलेली, मी हसतेय, आणि तेवढ्यात… खिडकीखालून एक माणूस गेला. उलटा. पाठ पुढे, तोंड मागे, पावलं घड्याळासारखी. वाटेत डबकं होतं, वळला नाही. शेजारचा कुत्रा माझ्या सावलीवर भुंकतो, तो शेपूट घालून गाडीखाली.

"कुणी वेडा असेल," नात म्हणाली. अर्धा तास ती आकडे उलटेपालटे करत बसली. बरोबर अर्ध्या तासानं दुसरा आला. तसाच उलटा, जरा भरभर, तोंडवळा पहिल्याचाच. मी धीर करून म्हटलं, "बाबा, टेक जरा, पाणी देते." तर ओठ न हलवता म्हणतो, "थांबता येत नाही, आजी. वेग कायम धरायचाय. पोरीला म्हणावं, खोड आणि नीट मांड."

मटार घरभर! "अगं भवाने," म्हटलं, "सगळे पानावरून एकदम उठले, तर आधी बसलेल्याचं जेवण जास्त वेळ चाललं की कमी? तुझी धाकटी काकू आठव, सगळ्यांच्या आधी पानावर बसते ती. पहिला आधी निघाला ना? मग त्याचा अर्धा तास वाढव, काढतेस काय?"

तिनं वजा खोडून अधिक केलं. चार क्ष अधिक दोन बरोबर सहा क्ष. क्ष बरोबर एक. खोडरबराचा कचरा फुंकला, आणि काय सांगू, पहिला पुन्हा आला. आता तोंड पुढे. अर्ध्या तासानं भाऊ, तोही सरळ. "आता एक तास," नात पुटपुटली, आणि आम्ही दोघी घड्याळाकडे बघत बसलो. मला दारावरची बेल ऐकू येत नाही, पण त्या दिवशी सहा किलोमीटरवरची पावलं ऐकू आली. दोन माणसांची. काटा तासावर टेकला, आणि पावलं थांबली. गाठलं. समजूत काढायला गाठलं की जीव घ्यायला, ते काही मागच्या पानावर छापलेलं नाही. तिथं नुसतं 'एक तास'.

नात पास झाली. तागे वाचले, बाप खूश, पोर वरच्या वर्गात. आणि वरच्या वर्गात काय आहे? एक हौद, त्याला दोन नळ, एक भरणारा, एक रिकामा करणारा, दोन्ही एकदम सोडलेले. पाण्याचाही वेग कायम धरायचा म्हणे. मी गाद्या तेवढ्या माळ्यावर चढवून ठेवल्यात.