वास तं चांगला हाय ना

माह्या नाकाचं वाटोळं केलं ते भगवानराव काकानं. दुसऱ्या कोणाचं नाव नका घेऊ. शेगावच्या त्या हातगाडीवाल्याचं तं नकाच घेऊ, त्यानं अत्तराची बाटली इकली, माह्या नाकात नाई कोंबली. कोंबली ते काकानं, सख्ख्या काकानं, भर मांडवात. पाह्यजे तं वऱ्हाड्यायले इचारा...

आता तुम्ही म्हणसान, नाकाचं एवढं काय घेऊन बसला? तुमाले सांगतो, माह्यापाशी नाकाशिवाय होतंच काय? शाळा मी मधातच सोडली, शेतात माहं मन लागत नाई, अन घरात जो म्हतारा भेटन तो म्हणे, हे पोट्टं कायच्याच कामाचं नाई. पण नांदुऱ्याच्या उत्तमराव तूपवाल्यानं मले दुकानात घेतलं ते ह्या नाकासाठी. संग्रामपूरकडून तुपाचे डबे यायचे, मी झाकण उघडलं का लगेच सांगायचो, हे म्हशीचं, हे जुनं, याच्यात वनस्पती तूप मिसळलं हाय. उत्तमराव माह्या तोंडाकडं पाहून भाव बोलायचे. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माह्या तोंडाकडं पाहून बोलत होतं!

मंग काकाच्या लेकीचं, शालूचं लग्न निघालं. आमच्या इकडची रीत तुमाले ठाऊक हाय, मांडवाच्या दारात अत्तर लावल्याशिवाय पाहुणा आत येत नाई, अन नको म्हणलं तं यजमानाचा अपमान. नांदुऱ्यात जब्बारभाईकडं खरं अत्तर होतं. काकानं हुंगलं, म्हणे याले दमच नाई, मांगच्या रांगेतल्याले वास नाई आला तं काय कामाचं? अन शेगावच्या हातगाडीवरून आणली एक हिरवीगार बाटली. वर चिठ्ठी नाई, नाव नाई, कुठं बनलं, कायचं बनलं, देवाले ठाऊक. मी म्हणलं, काका, याच्यात काय घातलं ते इचारलं का? तं माह्याकडं असा पाहे का जसा मीच येडा-बह्याड...

"इचाराचं काय त्याच्यात? वास तं चांगला हाय ना!"

अन मांडवात काय केलं? सोयऱ्यायसमोर मले दंडाले धरून ओढलं. म्हणे हा आमचा पुतण्या पंजाब, नाकानं तूप पारखते, अत्तर कसं हाय ते याले इचारा. अन भिजवलेला कापूस सरळ नाकात! कानात ठेवतेत हो तो फाया, कानात! वरून दाबून धरला, ओढ म्हणे, जोरानं ओढ. सोयरे पाहून राह्यले, काकाच्या लेकीचं लग्न लागाचं होतं... नाई कसं म्हणू? ओढला. टाळूपर्यंत इस्तव गेला. डोळ्यायतून धारा लागल्या. काका सोयऱ्यायले म्हणते, "पाहा, पोट्ट्याचे डोळे भरून आले, असं अत्तर हाय!"

मंगलाष्टकं सुरू झाली तं अर्धा मांडव मनगट खाजवून राह्यला. नवरदेवाचा कान पुरीवानी फुगला. विहीण तानाबाईची शिंक थांबेना, अक्षता शिंकेसंग उडून भटजीच्या तोंडावर. अन म्हतारे काय म्हणतेत? ऊन हाय. उष्णता हाय. भाजीत वांगं होतं. वांग्यावर आळ गेला, अत्तरावर नाई गेला! काऊन? तं वास चांगला हाय ना!

लग्नाहून आलो, दुकानात डबा उघडला, नाक घातलं... काहीच नाई. तूप हुंगतो का पाणी हुंगतो, समजेच ना. उत्तमराव म्हणे सर्दी असन, थांबू थोडे दिवस. त्याच दिवसायत तुपाची भेसळ तपासणारे साहेब दुकानात आले. मी काकाकडून आणलेली अत्तराची बाटली पुढं केली.

"हे पोटात जातं का?"

नाई जी, नाकात.

"मग आमच्याकडं नाही. तुपात चमचाभर वनस्पती निघालं तर मालकाला कोर्टात उभा करीन. पण हे खाण्याचं नाही."

दवाखान्यात गेलो, डॉक्टर म्हणे हे औषध नाई, मी तपासाले पाठवू कोणाकडं? बुलढाण्याले गेलो, दारूबंदीचा साहेब म्हणे, याच्यात दारू निघाली तं पहिले तुलेच धरीन, बाटली तुह्यापाशी हाय. नवं राज्य झालं, कचेऱ्यायले नव्या पाट्या लागल्या, खायच्याले साहेब, प्यायच्याले साहेब, औषधाले साहेब, अन अंगाले चोपडायच्या जिनसाले कोणीच नाई? हे तेल, पावडरी, अत्तरं घरोघर लेकरायच्या डोक्यावर ओतून राह्यले, त्याले कोणाची कचेरी? अन मजा पाहा, ज्याच्या टेबलावर बाटली ठेवली त्यानं बूच काढून हुंगलंच. तो भेसळीचा साहेब तं डोळे मिटून म्हणते, "वास मात्र छान आहे हो." मनगटाले लावून गेला...

उत्तमराव भला माणूस, लय थांबला. मंग माह्या हातून एक खवट डबा पास झाला, गिऱ्हाईकानं आणून दारात आपटला. उत्तमराव माह्या तोंडाकडं न पाहताच म्हणे, पंजाब, तू आता घरीच राह्य.

काकाले सांगितलं. काका म्हणे तुले कामच कराचं नाई, नाकाचं निमित्त. बाटलीत अत्तर उरलं होतं, काकानं ते माह्याकडून परत घेतली अन आता पुतणीच्या, म्हणजे माह्याच बहिणीच्या लग्नासाठी ठेवली हाय.

लोकायची सवय काही जात नाई. कोणी डोक्याचं तेल आणते, कोणी नवी पावडर, माह्यासमोर धरते अन इचारते, पंजाब, वास तं चांगला हाय ना? मी बूच काढतो, नाकापाशी नेतो, मान हालवतो. काल चुलीवरचं दूध जळून कोळसा झालं, माय वावरातून पळत आली, अन मी चुलीपाशीच बसलो होतो.

मले आता कायचाच वास येत नाई.