बुडबुडा मधोमध

सासूबाई : म्हणजे बघा जावईबापू, निघताना मला काय काय कबूल केलं होतंत? चार तळी, तीन जंगलवाटा आणि वर नवऱ्याची सोबत. आज शेवटचा दिवस. तळी बघितली ती या एवढ्याशा खिडकीतून, तीही भांडी विसळताना. जंगल बघितलं नातवंडांच्या फोनमध्ये. आणि नवरा? तो दिसतोय पाठमोरा, चाकाशी उकिडवा बसलेला.

जावई : आई, जरा हळू. बाहेर ऐकू जाईल बाबांना.

सासूबाई : जाऊ दे की! कॅरव्हॅन थांबली रे थांबली, की यांची पाणसळ बाहेर, बुडबुडा मधोमध येतोय का बघायला. जन्मभर लोकांच्या फरश्या बसवल्या, ठीक आहे. पण चाकांवरच्या डब्याला कसली आलीय पातळी? एका बाजूला पाचर ठोकली की दुसरी बाजू खाली बसते. तिला उचललं की पहिली. डबा सरळ होईस्तोवर अंधार.

जावई : आज नाही व्हायचं तसं. पहाटे तुम्ही झोपेत होतात, तेव्हा मीच खाली शिरलो. पाचरी ठोकल्या, जॅक फिरवला, बुडबुडा मधोमध आणून ठेवला. बाबांना आज कामच उरलेलं नाही.

सासूबाई : अगं बाई! म्हणून मी घरंगळत भिंतीशी गेले होय! मला वाटलं, भूकंप.

सासरे : जावईबापू, बाहेर या जरा. ह्या पाचरींना हात कुणी लावला?

जावई : मी लावला, बाबा. का, चुकलं?

सासरे : चुकलं असतं तर बरं होतं. बुडबुडा हलायचं नाव घेत नाही.

जावई : मग चला की फिरायला!

सासरे : छे, छे. इतकं बरोबर कधी नसतं. जमीन ओली आहे, दुपारपर्यंत डबा बसणार बघा. तुम्ही सगळे जा. मी थांबतो लक्ष ठेवायला.

सासूबाई : लक्ष कशाला? तो काय उठून पळणार आहे? मी बूट घालते. जागचे हलू नका दोघंही.

(सासूबाई दारातून आत वळतात.)

सासरे : फार घोटाळा केलात तुम्ही.

जावई : बाबा, तळ्याभोवती एक फेरी, बस. तुमची लेक पोरांना घेऊन केव्हाच पुढे गेली. आई बिचाऱ्या रोज आस लावून बसतात.

सासरे : म्हणूनच तर... हे बघा, तिला सांगायचं नाही. शप्पथ?

जावई : शप्पथ.

सासरे : मला चालता येत नाही.

जावई : काल तर दुकानापर्यंत गेला होतात!

सासरे : तो डांबरी रस्ता. सपाट. जरा उंचसखल जमिनीवर पाय टाकला की सगळं गरगर फिरतं. कानात म्हणे तोल सांभाळणारं काहीतरी असतं, ते बिघडलंय. आता तिथं कुठून पाचर ठोकू? आणि त्या जंगलात नुसती मुळं, मुळांवर शेवाळ. अहो, माझ्या फरशीवर गोटी ठेवली तर हलायची नाही. तो मी बायकोसमोर गोटीसारखा घरंगळू?

सासूबाई : घरी जिना उतरताना भिंत चाचपत उतरायचं, आणि विचारलं की म्हणायचं, रंग तपासतोय!

सासरे : तू खिडकीत काय करतेयस? ऐकत होतीस?

सासूबाई : या डब्याच्या भिंती पुठ्ठ्याच्या. आणि त्यात ऐकायचं काय होतं नवीन? वर्षभर बघतेय.

सासरे : माहीत होतं, तर तळं तळं करून माझा जीव का खाल्लास?

सासूबाई : तुम्ही तोंड उघडावं म्हणून. उघडलंत, तेही जावयापुढे! मी काय परकी?

सासरे : तुला काळजी नको म्हणून...

सासूबाई : काळजी मी करतेच आहे. फक्त तुम्हाला चोरून. द्या तो हात, ठेवा माझ्या खांद्यावर. मी जिथं पाय ठेवीन, तिथंच ठेवायचा.

सासरे : लोक बघतील गं.

सासूबाई : तुमचं कुणी गिऱ्हाईक आहे का इथं?

सासरे : आणि पडलो तर?

सासूबाई : दोघंही पडू. कुणी कुणाला हसायला नको.

जावई : थांबा, मी येतो मागून. तेवढाच आधार... आई गं! पोटरीला काहीतरी चिकटलंय! काळं, गुबगुबीत... हलतंय!

सासरे : जळू आहे ती. चाकाखाली ओल्या पाल्यात लोळलात ना? अहो, ह्या पायाला आणखी दोन. ओढू नका, नखानं हळूच सोडवा.

जावई : जंगलात मी पाऊलसुद्धा टाकलं नाही!

सासूबाई : बसा पायरीवर, बापू. आम्ही आलोच जाऊन. चला हो.

सासरे : बिचाऱ्याचं रक्त गेलं गं आपल्यापायी.

सासूबाई : जाऊ द्या थोडं. या लपवालपवीची किंमत वर्षभर तुम्ही एकट्यानंच भरत होतात, आज दुसऱ्या कुणी थोडी भरली तर काय बिघडलं? पाय उचला, मूळ आहे.