अठराव्या पानापासून

होल्कम : तुमचं अपील सतराव्या पानापर्यंत ठीक आहे, बाई. अठराव्यापासून समास अर्धाच राहिलाय. ही पट्टी बघा. चारी बाजूंनी एक इंच हवा.

लोरेन : अहो, पट्टी काय लावताय? वाचता येतंय की नाही ते बघा.

होल्कम : वाचायचं काम आत न्यायाधीशांचं. अपील कोर्टाच्या या खिडकीवर फक्त मोजतात. सव्वीस वर्षं मी तेच करतोय. सुरुवातीला नीट होतं, मग मध्येच का बदललंत?

लोरेन : आमच्या गावच्या वाचनालयात एका कार्डावर दिवसाला वीसच पानं छापून मिळतात. सोमवारी सतरा छापली. मंगळवारी बघते तर सगळी मिळून चौतीस होत होती, आणि तुमच्याकडे चालतात तीस. छापलेली कशाला वाया घालवू? म्हणून उरलेल्यांचाच समास खाल्ला. मी शाळेची बस चालवते, साहेब. दोन पोरं जास्त झाली तर सरकून बसा म्हणते.

होल्कम : मला हे असं घेता येणार नाही.

लोरेन : मग उद्या नीट करून आणते.

होल्कम : मुदत आज पाचपर्यंत आहे. आत्ता पावणेचार झालेत.

लोरेन : आणि पाच वाजून गेले तर?

होल्कम : तर खालच्या कोर्टाचा निकाल कायम.

लोरेन : म्हणजे माझी नात गेली. सहा वर्षांची आहे हो ओपल. तिची आई, माझी लेक शेल्बी, वारली तेव्हा ही दीड वर्षाची होती. तेव्हापासून मीच वाढवली. आणि आता परक्यांना दत्तक देऊन टाकायची म्हणतात.

होल्कम : त्या कोपऱ्यात लोकांसाठी संगणक ठेवलाय. पेनड्राइव्ह आणलाय ना? समास कसा सरळ करायचा ते दाखवतो. तेवढं मला चालतं.

लोरेन : पण मग परत चौतीस होतील.

होल्कम : चार पानं काढावी लागतील.

लोरेन : कुठली?

होल्कम : ते मला सांगता येत नाही. तो कायद्याचा सल्ला झाला. फुकट सल्ला देणाऱ्या वकिलांचा नंबर या माहितीपत्रकावर आहे.

लोरेन : सकाळपासून लावतेय. वाट बघा म्हणतात आणि गाणं लावून ठेवतात. तुम्ही एवढी वर्षं हे कागद बघताय. नुसतं बोट ठेवा. मी कुणाला सांगणार नाही.

होल्कम : बोटसुद्धा नाही. एकदा एकाला सांगितलं होतं, समोरच्या वकिलानं तेच धरलं. नोकरी जाता जाता वाचली माझी. हे पत्रक मात्र कुणालाही वाचून दाखवता येतं. ऐका. 'अपिलात नवा पुरावा घेतला जात नाही. खालच्या कोर्टाची चूक कुठे झाली, ते तारखांसह दाखवावे.'

लोरेन : बरं. हे पान वीस, शेल्बीला मी घराबाहेर काढलं त्याचं. नशेच्या गोळ्यांच्या नादी लागली होती. लाज वाटते, पण खरं आहे, राहू दे. हे तेवीस, ओपलचा दमा. हे पंचवीस, ती बसमध्ये माझ्या मागं बसते आणि प्रत्येक थांब्याला पोरांची नावं पुकारते. हे कसं काढू, सांगा.

होल्कम : मी परत वाचतो. 'खालच्या कोर्टाची चूक कुठे झाली...'

लोरेन : ऐकलं हो. छान वाचता तुम्ही.

होल्कम : 'तारखांसह', असं आहे इथं.

लोरेन : तारखा तर ढीगभर आहेत शेवटी, सत्तावीसपासून पुढं. सुनावणीची नोटीस माझ्या जुन्या पत्त्यावर गेली. मला पत्ताच नाही, आणि माझ्यामागं निकाल लागून मोकळा. पोस्टाच्या नोंदी, पाकिटांचे नंबर, असलं सगळं. डेपोतल्या मैत्रिणीनं घालायला लावलं.

होल्कम : हं.

लोरेन : 'हं' म्हणजे काय?

होल्कम : काही नाही. चला, संगणक दाखवतो.

(चार चाळीस. तीच खिडकी.)

लोरेन : घ्या. बरोबर तीस.

होल्कम : शेवट कशावर होतोय?

लोरेन : बसवर. ओपल नावं पुकारते तिथं. नोटिशीची पानं काढून टाकली. वाचताना मलाच झोप येत होती, न्यायाधीशांचं काय झालं असतं? आणि पत्र कुठं पाठवलं ते कोर्टाला ठाऊकच असणार ना.

होल्कम : बाई, अजून वीस मिनिटं आहेत. ते पत्रक परत एकदा...

लोरेन : पाठ झालंय ते. तोंड का असं केलंत? काही चुकलं का माझं?

होल्कम : मला विचारू नका.

लोरेन : मग कुणाला विचारू? इथं दुसरं आहे कोण? पोरीला पानापानावर आणलंय मी. तिला बघितल्यावर नाही कसं म्हणतील? सांगा ना, बरोबर आहे ना सगळं?

होल्कम : थांबा, पट्टी लावून बघतो.

लोरेन : बघा.

होल्कम : समास बरोबर आहेत, बाई.