दोघांच्या नावाची चिठ्ठी

रक्ततपासणीच्या रांगेत निवृत्त मास्तरीणबाई उभ्या होत्या. पुढे चाळिशीतलं एक जोडपं कुजबुजत होतं, आणि कान काही डोळ्यांसारखे मिटता येत नाहीत.

"ही चिठ्ठी कुठे सापडली तुला?"

"तुझ्या जुन्या कोटाच्या खिशात. दोघांचं रक्त तपासा, असं डॉक्टरांनी लिहिलंय. तू तर म्हणालास, फक्त माझंच."

"वाटलं, माझ्यात कसली खोट असणार?"

"सहा वर्षं झाली या चिठ्ठीला. तेव्हा दोन बाळं पोटातच गेली होती. नंतर आणखी तीन गेली."

"चुकलं माझं."

"दर वेळी आई म्हणायच्या, जिना चढलीस म्हणून. मी जिना सोडला रे. माडीवरचं शिलाई मशीनसुद्धा विकून टाकलं."

"तेव्हाच आलो असतो तर..."

"तेव्हा मी पस्तिशीची होते."

आतून त्याला हाक आली. तो जागचा हलेना.

"सुई फार दुखते का गं?"

मास्तरीणबाईंना वाटलं, आता ही कडाडणार. पण ती त्याच्या बाहीचं बटण काढत होती.

"मूठ आवळून धर आणि भिंतीकडे बघ. मी तसंच करायचे."