नऊ–शून्य, मध्यंतर

कोच : म्हणून म्हणतो, दुसऱ्या हाफला तुझ्या जागी धाकट्याला उतरवू. गोल दोघा भावांत वाटले जातील.

थोरला : वाटायला ती काय जमीन आहे का, सर? नऊ मी खाल्लेत, माझ्याच नावावर राहू द्या.

कोच : अरे, आणखी चार गेले की या स्पर्धेत एका गोलकीपरनं एका सामन्यात खाल्लेले सगळ्यात जास्त गोल होतात. सगळं जग तुझं नाव काढेल.

थोरला : काढू दे. आणि माझा खेळ काही वाईट झालेला नाही. आपल्या संघात चेंडूला सगळ्यात जास्त हात माझेच लागले.

धाकटा : जाळ्यातून काढताना.

थोरला : तू गप्प बस. आणि बूट कशाला बांधतोयस?

धाकटा : सरांनी सांगितलं.

थोरला : सोड ते. सर, याला नका पाठवू. पाचवा गोल तर मला दिसलाच नाही, जाळं हललं तेव्हा कळलं. माझी कातडी आता गेंड्याची झालीय. याचं सलून आहे. परत गेल्यावर खुर्चीत बसलेलं प्रत्येक गिऱ्हाईक विचारणार, किती खाल्लेस? आणि याच्या हातात वस्तरा.

धाकटा : विचारू देत. आत्ता काय विचारतात माहितीय? भाऊ देशाकडून खेळतो, तू काय करतोस? सहा वर्षं देशाचा शर्ट घालून बाकावर बसतोय, दादा. बाटल्या भरतोय. शर्टाला अजून माती लागलेली नाही. आई तो धुवायलासुद्धा मागत नाही.

थोरला : अरे, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय.

धाकटा : चेंडू एक अडवला नाहीस, मला मात्र बरोबर अडवतोस.

कोच : हा आपला शेवटचा सामना आहे. पुन्हा या स्पर्धेत कधी येऊ, सांगता येत नाही. म्हणजे सांगता येतं, पण नको.

(थोरला हातमोजे काढतो. बराच वेळ लावतो.)

थोरला : हे घाल. तुझे कोरे आहेत, चेंडू निसटेल.

धाकटा : ओले आहेत हे.

थोरला : सातव्या गोलनंतर रडलो जरा. त्यांनीच डोळे पुसले.

धाकटा : त्यांचा तो उंच खेळाडू, तो मारतो कुठे?

थोरला : उजवीकडे बघतो, डावीकडे मारतो. दर वेळी. मला कळत होतं रे, पाय जात नव्हते. तुझे जातील.

धाकटा : खरंच?

थोरला : एखाद्या वेळी.

कोच : चला, बोलावतायत.

थोरला : जा. सर, तुमचा फोन द्या जरा.

कोच : आत्ता? कुणाला करायचाय?

थोरला : आईला. चौथ्या गोललाच तिनं टीव्ही बंद केला असेल. लाव म्हणून सांगतो.