चमच्यावरचे दात

मंडळी, आज एकच विचारते. दुसऱ्याची वस्तू आपण चाळीस वर्षं जिवापाड सांभाळली, तर ती आपली होते का हो? माना हलवू नका! आधी ऐका.

फलटणला भागीरथीबाई होत्या. नाद एकच — जुनी चांदी! पेले, तबकं, गोऱ्या साहेबाच्या टेबलावरचे काटे-चमचेसुद्धा. काचेचं कपाट गच्च! नवरा म्हणायचा, "अगं, मला स्टीलच्या ताटात वाढतेस, आणि चांदी कपाटाला?" हसताय? तुमच्याकडे काय वेगळं आहे!

त्यातला एक वाटी-चमचा होता शेजारच्या सुमित्राबाईंचा. नवऱ्याची बदली झाली, निघताना म्हणाल्या, "वहिनी, आमच्या कुमुदच्या उष्टावणाचा आहे. प्रवासात हरवेल. ठेवा, आले की नेईन." त्या आल्याच नाहीत. तिकडेच वारल्या.

आमच्या लहानपणी भांड्यांवर नावं घालणारा दारोदार यायचा — टक टक टक! त्या वाटीवरही 'कुमुद' होतं. भागीरथीबाईंनी सोनाराकडून ते घासून घेतलं. वाटी गुळगुळीत! सुटल्या.

सुटल्या?

नातवाचं उष्टावण. घर भरलेलं. सुनेने कपाटातून नेमका तोच वाटी-चमचा काढला. आणि सून शिकवायची त्या शाळेतल्या नव्या बाई दारात — "काकू, मी कुमुद! तुमच्या शेजारच्या सुमित्राबाईंची!"

भागीरथीबाईंनी पाट पुढे सरकवला. "ये... ये हो." मनात एकच — नाव नाही ना? नाही. नाहीच!

मामाने घास भरवला. सून म्हणाली, "कुमुदताई, आता तुम्ही."

कुमुदने खिरीत चमचा बुडवला... आणि थांबली. अंगठा चमच्याच्या कडेवरून फिरला. एकदा. पुन्हा! मंडळी, नाव घासलं, पण दात? कडेला दोन बारीक खळगे!

"आई सांगायची," ती हळूच म्हणाली, "दात येताना मी चमचाच चावायचे."

भागीरथीबाईंच्या मनात — आता बोलेल! चारचौघांत बोलेल!

कुमुदने बाळाला भरवलं. तोंड पुसलं. वाकून म्हणाली, "काकू, छान जपलंत हो."

चोर म्हणाली असती तर सोसलं असतं! भागीरथीबाईंनी भरल्या घरात तिचा हात धरला. "जपलं नाही गं... चोरलं! तुझं नाव मीच घासलं."

आता घरी जा, कपाट उघडा. एकेक भांडं उलटं करून बघा. नाव कुणाचं?

आणि जिथं नाव घासलेलं दिसेल ना बायांनो — तिथं भ्या!